मिस बॅरोमीटर, अंक तिसरा

डुलुथमध्ये उणे एकोणीस.
सिग्ने टॅब्लेटवर वाकून
सत्तेचाळीस सालची, दहा सेंटांची,
तीनच अंक जगलेली बाई
पुन्हा काढतेय.

छपाईत सरकलेला लाल
ओठ सोडून गालावर सांडलाय;
तो ती तसाच राहू देते.
केप मात्र नवी, लेयर चौदावा,
वादळाआधीच्या आभाळाचा हिरवट जांभळा.

आठशे टक्के मोठं केल्यावर
डाव्या हातमोज्यात
सहा बोटं.

कोण होता तो, की होती,
पहाटेपर्यंत पेंगत,
पानामागे तीन डॉलर,
शाई वाळायच्या आत पुढचं पान?

खोडरबराचं चिन्ह
कर्सरखाली तयारच.
सिग्ने थांबते,
आपला आखडलेला अंगठा चोळते,

आणि सहाव्या बोटालाही
शिवण काढते.
टाका न् टाका.