नऊ पूर्णांक दोन

पासलकर मॅडम, दारू घेता का,
लॅबमधल्या पोराने विचारलं.
फॉर्मवर तसा चौकोनच होता.
नाही रे, म्हटलं.
तरी त्याचं पेन क्षणभर
चौकोनावर अधांतरी राहिलं.

माझ्याच रक्ताला माझं यकृत परकं वाटतं,
झालंय ते एवढंच.
पित्ताच्या बारीक नळ्या
ते आतल्या आत बुजवत आणतंय.
रात्री तळपायांना खाज सुटते,
मग मी मोरीच्या गार फरशीवर पाय टेकून बसते
पहिली बस जाईपर्यंत.

खाटकाकडे काळीज मागितलं तर तो यकृत देतो,
कवितेत मागितलं तर हृदय मिळतं.
बावन्न वर्षं धस्स झालं की
मी छातीवर हात ठेवत आले.
जरा खाली ठेवायला हवा होता,
उजवीकडे.

व्हिटॅमिन डी नऊ पूर्णांक दोन.
तीस तरी हवं, डॉक्टर मुतालिक म्हणाल्या.
मला हसू आलं. पुण्यात?
एप्रिलमध्ये डांबर चपलेला चिकटतं त्या गावात
उन्हाचा तुटवडा?

त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढलं.
कातडीवर पडतं तो नुसता शिधा, कच्चे डाळ-तांदूळ.
पहिली वाफ यकृतात,
दुसरी मूत्रपिंडात,
मग हाडांच्या पंगतीत वाढायचं.
तुमचा पहिला आचारी आजारी आहे.
आणि शिधा तरी, बाई,
तुम्ही कधी घरात येऊ दिलात?

खरं होतं.
धायरी ते टिळक रोड, सव्वीस वर्षं,
स्कूटीवर मी फक्त डोळ्यांपुरती होते.
स्कार्फ, वर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे,
उलटा घातलेला सनकोट.
नवरा एकदा सिग्नलला शेजारीच थांबला होता,
ओळखलं नाही त्याने.
मीही हाक मारली नाही.
पुढे दिवसभर बँकेची ट्यूबलाइट, दुसऱ्यांच्या नोटा.
एक रुपया कमी भरला तर
रात्री नऊपर्यंत शोधायचो.
हाडांतून किती गेलं,
त्याचं व्हाउचर कुणी फाडलं नाही.
फेब्रुवारीत लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवलं,
झाकण जागच्या जागी,
मनगटात कट्‌.

आता रविवारी दुधातून साठ हजारांची पुडी
आणि रोज अकराला गच्ची.
टाकीपलीकडे खळदकर बसलेले असतात, बनियनवर,
पोट रांजणासारखं, पाय काटक्या.
त्यांच्या फॉर्मवर चौकोनात खूण आहे,
अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे.
"माझं सात," एके दिवशी म्हणाले,
दहावीचे मार्क सांगावेत तसे.
"माझं नऊ."
"मग तुम्ही पास."
त्यानंतर आम्ही बराच वेळ बोललो नाही.
समोर एकविसाव्या मजल्याचं सेंटरिंग चाललंय,
त्याची सावली पायाशी आली की
दोघंही खुर्च्या सरकवतो.
दिवाळीपर्यंत ऊन वीस मिनिटांवर येईल,
असा त्यांचा हिशेब.
मी ताळा करून पाहिला.
बरोबर आहे.

काल दांडेकर पुलाचा सिग्नल, भर बारा,
आकडा सत्त्याऐंशी.
मी हातमोजे काढले, मांडीवर ठेवले.
पिवळट हात, खाजवल्याचे व्रण,
प्लास्टरमधून निघालेलं ते बारकं मनगट
हँडलवर उताणं.
शेजारची मुलगी स्कार्फच्या फटीतून बघत होती.
शिधा, मी म्हटलं.
तिला ऐकू गेलं नसावं.
एकवीस. वीस.
ऊन तळहातावर चांगलंच चावत होतं.
नऊ असताना
मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.