पाच खुर्च्या

रास्ता पेठेतली रात्रशाळा, अकरावीचा वर्ग.
दिवसा इथे बालवाडी भरते,
म्हणून भिंतीवर अ अननसाचा
आणि त्याच्या खाली माझं गणित.
विद्यार्थी पाच. खुर्च्या पाच, त्यांतली एक लंगडी.
तीवर लहानू ढमढेरे बसतो,
त्याला तोल सांभाळायची सवय आहे.

पाच जणांना पाच खुर्च्यांवर
किती तऱ्हांनी बसवता येईल?
नूरजहाँ तांबोळी, जिचा दिवस अडकित्त्यात जातो,
म्हणाली, "होतील पंधरावीस."
मी म्हटलं, उठा सगळे.
पहिल्या खुर्चीला पाच उमेदवार,
दुसरीला चार, मग तीन, मग दोन,
शेवटच्या खुर्चीला कोण विचारतो,
जो उरेल तो तिचा.
गुणा.
एकशेवीस.
"एवढी उठबस केली सर," साळवे म्हणाला,
"तर घरी जाऊन परत जेवावं लागेल."
मी पाचापुढे उद्गारचिन्ह काढलं.
गणितात आश्चर्य दाखवायची सोय एवढीच.

हा क्रमचय. जुने लोक अंकपाश म्हणायचे,
आकड्यांचा फास, आणि खरंच,
सुटता सुटत नाही.

आता मंडईत चला.
वांगी, बटाटे, टोमॅटो, घेवडा, कोथिंबीर.
पाचांतल्या तीन घ्यायच्या.
आधी वांगी मग बटाटे, की आधी बटाटे मग वांगी,
पिशवीला काय फरक पडतो?
म्हणून साठाला सहाने भागा. दहा.
हा संयोग. इथे क्रम मोजत नाहीत.

लहानूने हात वर केला.
सात वर्षं तो मंडईत ओझी उचलतोय.
"पिशवीला पडतो सर.
टोमॅटो खाली, बटाटे वर, असं एकदा भरून बघा.
फरक पडत नाही तो पातेल्याला."

मी 'पिशवी' पुसून 'पातेलं' लिहिलं.
तेव्हापासून आमच्या वर्गात
पिशवी म्हणजे क्रमचय, पातेलं म्हणजे संयोग.
परीक्षेत असं लिहू नका, मी बजावलं.
विमल वाघोलेने वहीत दोन्ही चित्रं काढली,
पिशवीला बंदसुद्धा.

दिवाळीनंतर लहानू यायचा थांबला.
मार्केट यार्डात रात्रपाळी, कांद्याचे ट्रक.
साळवेने निरोप आणला: पैसे बरे आहेत.

शिपाई दारात. "लंगडी नेऊ का?
बालवाडीचं स्नेहसंमेलन आहे,
त्यात ती झाड होईल."

थांबा, म्हटलं, आधी हिशोब.
चार माणसं, चार खुर्च्या. चोवीस.
एकटा लहानू गेला
आणि जाताना शहाण्णव रांगा घेऊन गेला.

तेव्हा मोतीराम कड उठला.
घड्याळं दुरुस्त करतो, जूनपासून
हजेरीपलीकडे शब्द नाही.
"पण खुर्ची राहू दिली तर?"
खडू घेतला.
पहिल्या माणसाला पाच जागा,
दुसऱ्याला चार, तिसऱ्याला तीन, चौथ्याला दोन.
एकशेवीस.

त्याने पुन्हा गुणलं. मीही गुणलं,
बावीस वर्षं हेच शिकवतो आहे
हे विसरून.
तेवढेच. एकही कमी नाही.
रिकामी खुर्चीच ओळीतून फिरते आहे,
कधी नूरजहाँच्या शेजारी, कधी दारापाशी,
चार बसलेल्यांत पाचवी.

"मग काय लिहू?" शिपायाने विचारलं.
हजेरी चार, म्हटलं. खुर्च्या पाच.
झाड दुसरं बघा.

तो गेला. विमलने मागच्या चाचणीचा कागद
दुमडून लंगड्या पायाखाली सरकवला,
मग काढून आणखी एक घडी घातली.
हलवून पाहिली खुर्ची.
मी फळा पुसला, पण पाचापुढचं
उद्गारचिन्ह नीट पुसलं गेलं नाही.