पडद्याच्या तळाशी नंबर

मंगळवारी रात्री आठला मासा चिखलात येतो
आणि आठ वाजून चार मिनिटांनी
माझा फोन वाजू लागतो.

मी लोरीन पेनर. पगार नाही, कॉफी फुकट.
कॅन्ससच्या पश्चिमेला, या एवढ्याशा वाहिनीच्या मागच्या खोलीत
तीन फोन, त्यातला एक मुका,
आणि एक वही : डावीकडे देणग्या, उजवीकडे शिव्या.
उत्क्रांतीची मालिका लागली
की उजवी बाजू आधी भरते.

‘माझा आजोबा माकड नव्हता,’ एक जण ठणकावतो.
मी लिहून घेते. आजोबांचं नाव विचारत नाही.
‘देवानं सहा दिवसांत उरकलं,
तुम्हाला सहा भाग लागतात, तेही जाहिराती नसताना!’
हसू दाबून हेही लिहिते.
एका मुलाला फक्त एवढंच हवं असतं :
त्या माशाला पापण्या होत्या का?
मला माहीत नसतं.
वहीत त्याच्यासाठी रकानाही नसतो.

मागच्या महिन्यात आमच्याकडे वाद ठेवला होता.
प्राध्यापक या खुर्चीत, पाद्री त्या खुर्चीत,
दोघांना मोजून अकरा-अकरा मिनिटं,
जणू खरं म्हणजे भाऊबंदकीतलं शेत
आणि आम्ही साखळी घेऊन आलेले मोजणीदार.
दोघांच्या कपाळावर एकाच डबीतली पावडर.
शब्दानं शब्द वाढला,
घड्याळानं तो मध्येच तोडला.
नंतर थंडीत पाद्र्याची गाडी सुरू होईना.
प्राध्यापकानं बॉनेट उघडलं,
आपल्या बॅटरीच्या तारा त्याच्या बॅटरीला जोडल्या.
तोवर कॅमेरे पेटीत गेले होते.

पण मला सांगायचंय ते हार्लन कोएनबद्दल.

दर मंगळवारी, आठ वाजून नऊ मिनिटं.
त्याच्या शेतात नांगराला शार्कचे दात लागतात;
इथून कुठल्याही दिशेनं गाडी हाका,
समुद्राला निदान एक अख्खा दिवस.
‘प्रलयातले,’ तो म्हणतो,
आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकतो.
सध्या चौथा डबा चालू आहे.

‘खोटं आहे सगळं,’ अशी त्याची सुरुवात,
दुसरं कुणी ‘हॅलो’ म्हणतं तशी.
मी म्हणते, ‘हो, मिस्टर कोएन, उजवीकडे लिहिलं.’
वहीचं गुपित मीच त्याला एकदा सांगून बसले होते.
त्याच्या मागे काहीतरी चालू असतं :
भस्स… थांबतं… भस्स.
मला वाटायचं, भांडी धुण्याचं यंत्र.

या मंगळवारी नऊ मिनिटं झाली, पंधरा झाली.
फोन आला तेव्हा नावं वर सरकत होती
आणि मी कोट चढवत होते.
‘खोटं आहे सगळं,’ तो म्हणाला.
मग म्हणाला, ‘परत कधी दाखवणार?
सगळं नको. तो तुकडा फक्त.
मासा पुढच्या परांवर उठतो,
तोंड उघडतो,
आणि तुमचा तो बोलका माणूस एकदाचा गप्प बसतो.’

भस्स… थांबलं… भस्स.

‘वर्लाच्या नाकात नळ्या आहेत. दोन वर्षं झाली.
तिथं आलं की ती माझा हात दाबते.
म्हणते, बघ रे,
त्यालाही किती जड जातंय.’

मी वेळापत्रक चाळलं. बोटं नीट चालेनात.
शनिवारी, पहाटे चार.
‘चालेल,’ तो म्हणाला, ‘ती जागीच असते.’
ठेवता ठेवता विचारलंन,
‘हे कुठं लिहिणार? डावीकडे की उजवीकडे?’

मी मध्येच लिहिलं, जिथं पानं शिवलेली असतात,
पापण्यांच्या प्रश्नाखाली.

शनिवारी गजर लावून उठले.
स्वयंपाकघरात, कोटासकट, छोट्या टीव्हीसमोर.
मासा आला.
पापण्या आहेत का, ते बघायचं ठरवलं होतं.
पडद्यावर अंधार, चिखल, तोंड उघडलेलं.
दिसल्या नाहीत.
मला दुसरंच ऐकू येत होतं.