निर्लेखन

यादीत एकोणीस नंबरला लिहिलंय :
ताणकाटे, नग सहा, निकामी.
अक्षर माझं. सही मुख्याध्यापकांची.

देगलूरच्या शाळेत, नळामागच्या खोलीत
एकतीस वर्षं मी हे एकच टेबल पुसलं.
पोरं मला सर म्हणायची नाहीत, व्यंकटमामा म्हणायची.
शिकवायचं माझ्याकडं नव्हतं, मी फक्त मांडून ठेवायचो :
कप्पी, दोरा, काचेचा तुकडा,
गाडीच्या चाकाखाली पसरायला लेंडीची वाळू,
आणि हॉटेलातून मागून आणलेला एक पेला,
ज्याच्या तोंडावर पत्ता, पत्त्यावर नाणं.
टिचकी मारली की पत्ता उडायचा
नाणं सरळ पेल्यात.
कधी नाणंही उडायचं. ते माझं असायचं.

बोधनकर सर म्हणायचे, म्हणा.
पन्नास गळे एकदम :
बाह्य बल लागू होत नाही तोवर
स्थिर वस्तू स्थिर राहते.
मी दारातल्या स्टुलावर बसून ऐकायचो.
माझी बदली तीनदा निघाली, तीनदा रद्द झाली.

तिसरा नियम यायचा पोळा झाल्यावर.
एका साली सरांनी दोन ताणकाटे
आकड्यात आकडा घालून जोडले.
एका टोकाला शमशोद्दीन, तालमीतला,
खांद्यावर मान ठेवायला देव विसरलेला.
दुसऱ्या टोकाला अनुसया गंदपवार,
अंगावरचा फ्रॉक दोरीवर वाळत घातल्यासारखा.
सांगा, कुणाचा काटा जास्त दाखवंल?
अख्खा वर्ग ओरडला, शमशूचा!
ओढलं.
छत्तीस.
आणि इकडं?
छत्तीस.
जोर लाव की रे, जेवला नाहीस का?
अनुसयाची चप्पल फरशीवर करकरली, ती अर्धा हात सरकली.
एक्केचाळीस.
तिच्या काट्यावरही एक्केचाळीस.
मग कुणी हसलं नाही.
ती त्या आकड्याकडं बघत राहिली,
घरी कुणाला दाखवायला न्यावा असा.

सर फळ्याकडं वळून म्हणाले,
दोन्ही बलं सारखी, पण दोन वेगळ्या वस्तूंवर.
म्हणून एकमेकाला खोडत नाहीत.
पोरांनी लिहून घेतलं. मला काही समजलं नाही.
समजलं रात्री, गल्लीतल्या हातपंपावर.
दांड्यानं माझ्या तळव्याला काय दिलं
ते मी रोजच मोजत होतो, चार फोड.
मी दांड्याला काय दिलं ते तेव्हा दिसलं :
जिथं धरायचो तिथं तो चांदीसारखा चकचकीत.

आज मुजीब आला तीनचाकी घेऊन.
आठवीतनं शाळा सोडलेला, याच खोलीतनं.
त्याच्याजवळ त्याचाच ताणकाटा, मोठा, किलोचा.
त्याच्या आकड्याला त्यानं माझे सहाही लटकवले.
काट्याला काटे.
"आठशे ग्राम, मामा. लोखंडाचा भाव लावू का?
स्प्रिंगा गेल्यात सगळ्यांच्या.
ह्यो बघा, काही न लटकवता दोन दाखवायलाय."

त्यातला एक मी काढून घ्यायला गेलो.
कडी माझ्या बोटात, आकडा त्याच्या.
त्यानं सोडला नाही, मीही नाही,
भांडण नव्हतं, दोघंही नुसते बघत होतो
काटा कुठवर जातो ते.
नऊ.
"तुमचं नऊ का माझं?" तो म्हणाला,
आणि हसून त्यानं बोट काढलं.
पैसे घेतले नाहीत.
यादीत सहाच राहिले. त्याच्या गाडीत पाच.

आता तो स्वयंपाकघराच्या चौकटीला, खिळ्यावर.
रिकामा असला तरी दोनवर थांबतो,
त्याच्या वर जात नाही, शून्याकडं परत येत नाही.
संध्याकाळी सून कांद्याची पिशवी अडकवते,
डोळे बारीक करून वाचते,
"मामा, बावीस आलं."
दोन वजा कर, मी म्हणतो.