खरं

हुद्दार बाईंनी लायब्ररीत पास दिला,
म्हणाल्या, सिनेमा कन्नड आहे, खरं बघून या.
आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.
पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं.

टिळकवाडीत, शाळेचा हॉल.
पडदा म्हणजे दोन पांढऱ्या चादरी,
मधली शिवण नटाच्या कपाळावरून
सरळ छातीपर्यंत उतरलेली.
आवाज नीट ऐकू यावा म्हणून पंखे बंद.

सिनेमात फारसं काही होत नाही.
एक माणूस पलंगाच्या कडेला बसतो,
एक पाय चपलेत, एक फरशीवर,
आणि दुसरी चप्पल घालत नाही.
दूधवाला येऊन जातो. ऊन भिंतीवरून सरकतं.
मोबाइल वाजून वाजून गप्प होतो.
तो चपलेकडे बघतो,
जशी ती मलप्रभेच्या पल्याड आहे
आणि नाव अजून सुटलेली नाही.

मग थोरला भाऊ येतो. भला माणूस.
पिशवीत केळी.
म्हणतो, अरे ऊठ की, काय धाड भरलीय तुला?
हॉल हसला.
सगळ्यात आधी मी हसलो.
माझंच हसू समोरच्या भिंतीवरून माघारी आलं
आणि तो आवाज मला ओळखू आला.

वडगावात, आमच्या मागच्या खोलीत
लुमाण्णाचा माग दिवाळीपासून बंद आहे.
अर्धं लुगडं तसंच ताणलेलं, हिरवा काठ,
कांड्यांवर धूळ.
आईनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या.
मामा म्हणाला, लग्न करून टाका.
मी म्हटलं, दोन फटके दिले की उभा राहील.
दिले नाहीत.
खरं म्हटलं.
आणि तो, भिंतीकडे तोंड करून,
"उठलो असतो रे दादा, खरं..."

त्या 'खरं'च्या पुढचं ऐकायला मी थांबायचो.
दोन मिनिटं. मग घड्याळ बघायचो.
वाटायचं, सांगेल काहीतरी,
मालकानं मजुरी कापली, पोटात दुखतंय,
कुणी पोरगी नाही म्हणाली.
कारण मिळालं की मी दुरुस्त करतो,
धोटा, सायकल, विजेचं मीटर,
आजवर काय सोडलंय?

सिनेमातला माणूससुद्धा शेवटी तेवढंच बोलला.
आदरे.
आणि ओठ मिटले.
खाली इंग्रजी अक्षरांपुढे तीन ठिपके आले.
भाषांतर करणाऱ्यालाही पुढचं सापडलं नव्हतं.
अंधारात मी माझ्या बोलीत म्हणून बघितलं,
खरं.
वाक्य तिथंच संपत होतं.
इतके महिने मी उगाच पुढं कान लावून बसलो होतो.

दिवे लागले. फारच संथ होता, असं एकजण म्हणाला
बाहेर चपला शोधता शोधता.
माझी एक सापडली, ती घातली.
दुसरी समोरच होती.
तिच्याकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो.

दुसऱ्या गेटला मालगाडी.
सगळ्यांनी गाड्या बंद केल्या.
मी डबे मोजत होतो, पस्तिसापर्यंत आठवतंय.
गेट उघडलं तरी स्कूटर चालू करायचं सुचलं नाही,
मागून दोन शिव्या आल्या,
एक मराठीत, एक कन्नडमध्ये.

येताना केळी घेतली नाहीत.

मागच्या खोलीत अंधार. बटण दाबलं नाही,
मागाला पाठ टेकून खालीच बसलो.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला,
"कुठं गेलतास?"
"सिनेमाला."
"बरा होता काय?"
"बरा होता, खरं..."

लुमाण्णानं मान वळवली.
शेजारच्या बोळात रात्रपाळीचे माग खडखडत होते.
मला पुढचं काही सांगता येईना.
तो थांबलाच होता.