बिल्ला दोनशे चौदा

रीगातल्या नाटकगृहाच्या तळघरात
सदतीस हिवाळे मी लोकांचे कोट टांगले.
चेहरे मला कधी जमले नाहीत.
म्हणजे दिसतं सगळं: नाक दिसतं, भुवई दिसते,
गालावरचा तीळ तर सगळ्यात आधी;
पण नजर हलली की सर ओघळते,
मणी वेचत बसावं
तोवर समोरचा विचारतो, "ओळखलंत ना?"

ओळखलं, म्हणते मी.
ओल्या लोकरीला कापराचा वास,
दुसरं बटण भलत्याच दोऱ्यानं शिवलेलं:
डॉक्टर स्ट्राउत्मानिस.
खिशात तिकिटांच्या होड्या: बेन्यामिनाबाई.

मे महिन्यात कोट येईनासे होतात
आणि शहर रिकामं होतं, माझ्यापुरतं.
बागेत माणसं बसतात नुसत्या चेहऱ्यांनिशी.
मी सगळ्यांकडे बघून हसून ठेवते, न जाणो.
किती प्रेमळ म्हातारी, असं वाटत असेल काहींना.

हाताखालचा इल्वार्स अगदी उलटा.
अकरा वर्षांपूर्वी ट्राममध्ये समोर बसलेला माणूस
परवा छत्री मागायला आला,
तर हा कावराबावरा.
रात्री डोळे मिटले की रांग लागते, म्हणतो,
आणि कुणाचाच नंबर येत नाही.

गेल्या फेब्रुवारीत एक कोट मागे राहिला.
करडा, अस्तर उसवलेला. बाहेर उणे चौदा.
इल्वार्सनं चेहरा सांगितला:
रुंद कपाळ, डोळ्यांखाली निळसर,
हनुवटी तर... आणि माझ्याकडे बघून गप्प झाला.
मी खिशात हात घातला.
पेन्सिलीचं थोटूक. शिवणीत अडकलेले
शहाजिऱ्याचे चार दाणे.
आमच्या घरात हे खिशात ठेवून चघळायचं खूळ
एकट्या विस्वाल्डिसला होतं,
धाकट्याला, जो टाच न टेकवता चालायचा,
जो बोटीवर गेला आणि पत्रं थांबली.

त्याच्या हातून कोट मीच घेतला होता.
हसले होते. बिल्ला दिला होता.
क्षणभर तो उभा राहिला असेल काउंटरशी.
मागे रांग होती.

तो हूक मी कुणाला देत नाही.
काल पहिली घंटा झाल्यावर
एकजण येऊन म्हणाला, इथे माझा एक कोट...
बिल्ला हरवलाय, म्हणाला.
इल्वार्स रजेवर.
मी पाहिलं, नीट पाहिलं,
कपाळ, भुवई, हनुवटी, पुन्हा कपाळ,
आणि म्हटलं,
जरा त्या दारापर्यंत
चालून दाखवता?