रकाना सहा

शराफत परकार, तालुका खेड,
मनामातल्या या हॉटेलात नऊ वर्षं भांडी घासणारा,
पहाटे पावणेचारला पडला.
हातातल्या प्लेटा त्याने शेवटपर्यंत सोडल्या नाहीत.
सव्वीस होत्या, चार फुटल्या.
हे मला माहीत आहे, कारण मॅनेजरने
आधी प्लेटा मोजल्या.

अर्ज मी भरतोय. माझं अक्षर बरं आहे म्हणून.

रकाना चार : जमीन ओली होती का?
ऑगस्टात मागचं दार उघडलं की
बाहेरची दमट हवा आत शिरते
आणि थंड फरशीला दरदरून घाम फुटतो.
त्यावर फ्रायरचं तेल, त्यावर बुफेचं साबणपाणी.
‘होय’ लिहिलं की पुढे विचारतात, पाटी लावली होती का.
पिवळी पाटी एकच. ती लॉबीत होती.
तिथे पाहुणे चालतात.

रकाना सहा : पायात काय होतं?
कंपनीचे बूट. तळ असा गुळगुळीत की
शराफत म्हणायचा, यात बघून दाढी करावी.
नवे मागितले होते, दोनदा, तोंडी.
तोंडी म्हणजे नाहीच, सुपरवायझर म्हणाला.
‘योग्य’ लिही.
लिहिलं.

रात्री त्याच्या घरून फोन.
मी म्हटलं, भाभी, घाबरू नका, शराफतचा पाय घसरला.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग अगदी हळू :
‘कोण आहे ती?’
अहो नाही, खरंच घसरला. फरशीवर. खुबा मोडलाय.
ती आधी हसली.
मग जे रडू लागली
ते बॅलन्स संपेपर्यंत.

रकाना नऊ : त्या वेळी जवळ कोण होतं?
मी.
मॉप माझ्याच हातात होता.
ओल्यानंतर कोरडा फिरवायचा असतो,
ट्रेनिंगमध्ये दाखवलं होतं.
ड्यूटी संपायला पंधरा मिनिटं होती, गाडी थांबत नाही,
आणि कोरडा मॉप तिसऱ्या मजल्यावर.
यातलं काय लिहू?
रकाना दोन बोटांचा.

तिसरा दिवस. नऊ अजून कोरा.
शराफतच्या जागी नवं पोर आलंय, सिवानकडचं,
मिसरूडही धड फुटलेलं नाही.
त्याला शराफतचेच बूट दिलेत,
अँब्युलन्स यायच्या आधी काढून ठेवलेले.
एक नंबर मोठे होतात.
पुढच्या टोकाला कोंबायला
मला विचारतोय,
भैया, रद्दी कागद आहे का एखादा?